पावसाळ्यातला व्हॉल्व्ह प्रीअँप आणि त्याचे कपॅसिटर: घरी बदलायचे तर

गेल्या जुलैत माझ्या व्हॉल्व्ह प्रीअँपचा, म्हणजे तबकडीचा बारीक आवाज वाढवून पॉवर अँपकडे पाठवणाऱ्या जुन्या काचेच्या नळ्यांच्या सेटचा, उजवा चॅनल फाटल्यासारखा वाजू लागला. सुरुवातीच्या तानपुऱ्यात काही कळत नसे, पण गायकाने तार षड्ज लावला की सुराला खरखरीत कड यायची. पाच दिवस पावसाने उसंत घेतली नव्हती. फोंड्याकडच्या आमच्या चिऱ्याच्या घरात भिंतीला हात टेकला तर ओल बोटांना लागत होती. व्हॉल्व्ह बदलून पाहिला, फरक पडला नाही. शेवटी झाकण काढून मीटर लावला. व्हॉल्व्हच्या दुसऱ्या ट्रायोडच्या (आवाज वाढवणाऱ्या अर्ध्या भागाच्या) ग्रिडवर, म्हणजे जिथे आवाज आत येतो त्या टोकावर, शून्य हवं होतं, तिथे ०.९ व्होल्ट दिसले. आधीच्या प्लेटवरचा, म्हणजे जिथून आवाज बाहेर पडतो त्या टोकावरचा डीसी कपलिंग कपॅसिटरमधून झिरपून पुढे येत होता. खरं तर या कपॅसिटरने फक्त आवाज पुढे सोडून डीसी अडवायचा असतो.

कपॅसिटर बदलण्याबद्दल बोलणं निघालं की बहुतेकांचा पहिला प्रश्न कुठल्या कंपनीचा घ्यावा हा असतो. माझ्या मते गोव्यात तरी पहिला प्रश्न हा असायला हवा की आहे तो झिरपतोय का, सुकलाय का. जूनपासून चार महिने हवेत पाणी आणि किनाऱ्याकडे त्यात मीठही. अशा ठिकाणी जुन्या कागदी कपॅसिटरची सील आधी हार मानते. खराब भाग ओळखून बदलला तर आवाजात जो फरक पडतो, तो चांगला कपॅसिटर काढून महागडा बसवल्याने पडत नाही. मी लहानपणी ज्या रेडिओ मेकॅनिक काकांच्या दुकानात तासन्‌तास बसायचो, ते कपॅसिटरला शेवटपर्यंत कंडेन्सरच म्हणायचे. कुणी सेट घेऊन आला की त्यांचं एकच वाक्य असे: "आधी मोज रे बाबा, मग बदल."

आधी सुरक्षितता

व्हॉल्व्ह प्रीअँप दिसायला छोटा असतो, पण आत २५० ते ३०० व्होल्ट डीसी असतो, आणि प्लग काढल्यावरही तो फिल्टर कपॅसिटरमध्ये (डीसी सपाट करणाऱ्या मोठ्या कपॅसिटरमध्ये) साठून राहतो. ४७ मायक्रोफॅराडचे तीन कपॅसिटर ३०० व्होल्टवर भरलेले असतील तर त्यांत सहा जूलहून जास्त ऊर्जा असते. असा झटका जीवघेणा ठरू शकतो. घरात आरसीसीबी (वीज अंगातून जमिनीत जाऊ लागली की पुरवठा तोडणारं स्विच) बसवलाय म्हणून निर्धास्त राहू नका. ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या बाजूला हात लागला तर आरसीसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. ज्याने आजवर उघड्या सर्किटवर कधी मीटर धरलेला नाही, त्याने पहिल्यांदा जाणत्या माणसाला शेजारी बसवूनच हे काम करावं.

एचटी, म्हणजे हा साठलेला उच्च व्होल्टेज, उतरवायचं माझं साधन साधं आहे. १० किलोओहम, ५ वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर. त्याच्या एका टोकाला वायर आणि मगर-क्लिप, दुसऱ्या टोकाला जुन्या मीटरचा इन्सुलेशन असलेला प्रोब, आणि रेझिस्टरवर दोन पदरी स्लीव्ह. प्लग भिंतीतून काढायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. क्लिप चासीला (सेटच्या धातूच्या सांगाड्याला) लावायची, एक हात पाठीमागे ठेवायचा आणि प्रत्येक फिल्टर कपॅसिटरच्या धन टोकावर प्रोब दहा सेकंद धरायचा. मग मीटर लावून पाहायचं. ५ व्होल्टच्या खाली आल्याशिवाय आत बोट घालायचं नाही. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी काढणारे लोक मी पाहिलेत. त्याने कपॅसिटरही दुखावतो आणि डोळ्यांनाही धोका असतो. आणखी एक लक्षात ठेवा: मोठा इलेक्ट्रोलिटिक (फिल्टरला वापरतात तो, आत द्रव असलेला कपॅसिटर) रिकामा केल्यावरही काही मिनिटांत थोडा व्होल्टेज आपोआप परत धरतो. म्हणून काम चालू असेपर्यंत रेझिस्टर चासी आणि त्या धन टोकामध्ये जोडूनच ठेवा.

सेटमध्ये ब्लीडर रेझिस्टर (वीज बंद झाल्यावर साठा आपोआप उतरवणारा) नसेल तर या निमित्ताने बसवून घ्या. पहिल्या फिल्टर कपॅसिटरला समांतर २२० किलोओहम, २ वॉट, आणि त्याचा व्होल्टेज रेटिंग ५०० तरी असावा. एकूण दीडशे मायक्रोफॅराडपर्यंतचा साठा तो तीन मिनिटांत उतरवतो.

पावसात अनवाणी, ओल्या लादीवर बसून हे काम करू नका. मी लाकडी पाटावर रबराची चटई घालतो. आकाशात गडगडाट असेल तर त्या दिवशी कामच काढत नाही. जुन्या घरांत प्लगचा तिसरा पॉइंट नुसता शोभेचा असतो, त्याला अर्थिंग जोडलेलंच नसतं. तेही वायरमनकडून तपासून घ्या, कारण प्रीअँपची धातूची चासी अर्थ झालेलीच हवी.

मोजून ठेवायची यादी

काही बदलण्याआधी आहे त्या स्थितीतले व्होल्टेज वहीत उतरवा. चारी बाजूंनी फोटो काढा. कुठली वायर कुठल्या टॅगवर (सोल्डर करायच्या पत्र्याच्या कानावर) आहे हे दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

बहुतेक प्रीअँपमध्ये ईसीसी ८३ असतो, त्यालाच १२एएक्स७ म्हणतात. आपल्याकडे बेलचेही (भारत इलेक्ट्रॉनिक्सचे) खूप सापडतात. पिना अशा: १ आणि ६ प्लेट, २ आणि ७ ग्रिड, ३ आणि ८ कॅथोड, उरलेल्या ४, ५, ९ हीटरच्या. एचटी २५० व्होल्ट, प्लेट रेझिस्टर १०० किलोओहम आणि कॅथोड रेझिस्टर १.५ किलोओहम असेल तर करंट साधारण ०.८६ मिलिअँपिअर येतो. म्हणजे प्लेटवर १६४ व्होल्टच्या आसपास, कॅथोडवर १.३ च्या आसपास. दहा-पंधरा टक्के इकडे तिकडे चालतं. माझ्या बिघडलेल्या बाजूला कॅथोडवर १.७ आणि प्लेटवर १३६ होते. ग्रिड धन झाला की व्हॉल्व्ह जास्त करंट ओढतो, कॅथोड वर चढतो, प्लेट खाली बसते. या तीन आकड्यांकडे पाहूनच कळतं की मागचा कपलिंग कपॅसिटर लीक आहे.

खात्री करायची तर असं करा. वीज बंद, एचटी उतरवलेलं. संशयित कपॅसिटरचं ग्रिडकडचं टोक सोल्डर काढून मोकळं करा आणि हवेत असं ठेवा की कशालाच लागणार नाही. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून त्याच्या क्लिपा त्या टोकाला आणि चासीला आधीच लावून ठेवा. मग वीज द्या आणि हात दूर घ्या. काटा किंवा आकडा एकदम वर जाईल आणि दहा-पंधरा सेकंदांत शून्याकडे येईल. तसा आला तर कपॅसिटर निरोगी. अर्ध्या व्होल्टच्या वर अडकून राहिला तर तो काढा. साधारण डिजिटल मीटर १० मेगओहमचा असतो. त्यावर १ व्होल्ट दिसला तर १ मेगओहमच्या ग्रिड रेझिस्टरवर ०.१ व्होल्ट पडणार असा हिशोब. ही तपासणी सेट तासभर गरम झाल्यावर परत करा. काही कपॅसिटर थंड असताना सज्जन असतात आणि गरम झाल्यावर झिरपतात.

काय बदलायचं, काय सोडायचं

मेणाचे किंवा कागदी कपॅसिटर दिसले तर विचार न करता बदला. वीस-पंचवीस वर्षं जुने इलेक्ट्रोलिटिकही बदला, मग ते फुगलेले दिसोत वा न दिसोत. आतला द्रव सुकतो तो बाहेरून दिसत नाही. उष्णतेचं गणित असं की तापमान दर १० अंशांनी वाढलं की इलेक्ट्रोलिटिकचं आयुष्य साधारण निम्मं होतं. म्हणून नवे घेताना ८५ ऐवजी १०५ अंशांचे घ्या आणि व्हॉल्व्हच्या व ट्रान्सफॉर्मरच्या अंगाला चिकटवू नका.

फिलिप्स आणि मुलार्डचे मोहरीच्या रंगाचे पॉलिएस्टर कपॅसिटर जुन्या सेटमध्ये भेटतात. ते बहुधा आजही ठणठणीत असतात. मोजा, ठीक असतील तर राहू द्या. सिल्व्हर मायकाचेही तसेच.

फोनो स्टेज (तबकडीसाठीचा इनपुट) असेल तर आरआयएएच्या, म्हणजे तबकडीच्या सुरांचा ठरलेला तोल सांभाळणाऱ्या जाळ्यातले कपॅसिटर ही वेगळी जागा. तबकडीचा आवाज कोरताना खालचे सूर दाबलेले आणि वरचे उचललेले असतात. वाजवताना ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद या तीन कालमानांनी तो तोल परत आणायचा असतो. इथे मूल्य बदललं की गायकाचा आवाजच बदलतो. बदलायची वेळ आलीच तर तेच मूल्य, १ टक्क्याचं, आणि दोन्ही चॅनलचे मीटरवर जुळवून.

मेन्सच्या तारांवर किंवा तार आणि चासी यांच्यामध्ये जुना कागदी कपॅसिटर असेल तर तो सगळ्यांच्या आधी काढा. तो शॉर्ट झाला तर चासीत २३० व्होल्ट येतो. दोन तारांमध्ये फक्त एक्स-२ आणि तार व चासीमध्ये फक्त वाय-२ दर्जाचा बसवायचा, त्याच्या अंगावर तसं छापलेलं असतं. साधा ६३० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर इथे चालत नाही.

खरेदी

पणजी, मडगाव, म्हापशातल्या दुकानांत साधे इलेक्ट्रोलिटिक मिळतात, पण ४५० व्होल्टचे चांगले मिळतीलच असं नाही. मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवतो. घरी आल्यावर प्रत्येकाचं मूल्य मीटरवर पाहतो, कारण मोठ्या डब्यात छोटा कपॅसिटर भरून विकलेला मला एकदा मिळाला होता. छापलं होतं १०० आणि भरले ३८ मायक्रोफॅराड.

कपलिंगला पॉलिप्रॉपिलीन फिल्म, ६३० व्होल्टचा. प्लेटवर १६४ असताना एवढा कशाला, असं वाटेल. डायोडचा रेक्टिफायर असेल तर वीज दिल्याबरोबर एचटी पूर्ण चढतो, व्हॉल्व्ह मात्र तोवर गरम झालेले नसतात आणि करंट ओढत नाहीत. तेवढ्या काळात प्लेटवर बिनओझ्याचा पूर्ण व्होल्टेज उभा राहतो. तो कपॅसिटरने सोसायला हवा.

मूल्य किती? मूळ मूल्य ठेवणं कधीही सुरक्षित. ०.१ मायक्रोफॅराड आणि पुढे १ मेगओहम असेल तर कट (ज्याच्या खालचे सूर गळू लागतात ती जागा) १.६ हर्ट्झवर येतो, ०.०२२ असेल तर ७ च्या थोडा वर. दोन्ही पुरेसे. खरी अडचण शेवटच्या, म्हणजे बाहेर जाणाऱ्या कपॅसिटरची असते. जुना प्रीअँप व्हॉल्व्हच्याच पॉवर अँपसाठी बनवलेला असतो. त्याचा ०.१ मायक्रोफॅराड ट्रान्झिस्टर अँपच्या ४७ किलोओहमवर लावला तर ३४ हर्ट्झच्या खालचं सगळं पातळ होतं. तबल्याच्या डग्याला पोट राहत नाही. तिथे ०.४७ किंवा १ मायक्रोफॅराड बसवा. या एका बदलाने माझ्याकडे जेवढा फरक ऐकू आला तेवढा दुसऱ्या कशाने आला नाही. मात्र बाहेरच्या सॉकेटवर १ मेगओहमचा रेझिस्टर जमिनीला जोडलेला असू द्या. पॉवर अँप सगळ्यात शेवटी चालू करा आणि सगळ्यात आधी बंद करा, नाहीतर स्पीकरला धक्का बसतो.

कॅथोडवर सहसा २५ मायक्रोफॅराड, २५ व्होल्ट असतो. आता २२ किंवा ४७ मिळतो, दोन्ही चालतील. दोनशे टाकून काही हाती लागत नाही, तबकडीची घरघर तेवढी वाढते.

फिल्टरला १६ च्या जागी २२ किंवा ३३ घालायला हरकत नाही. पण रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) व्हॉल्व्ह असेल तर पहिल्या कपॅसिटरला मर्यादा असते: ईझेड ८० आणि ईझेड ८१ ला ५० मायक्रोफॅराड, जीझेड ३४ ला ६०. त्याच्या वर गेलात तर प्रत्येक वेळी चालू करताना रेक्टिफायर सोलून निघतो.

प्रत्यक्ष काम

एका वेळी एकच कपॅसिटर. हा माझा सगळ्यात मोठा आग्रह आहे. सगळे एकदम उपटून ठेवले आणि शेवटी आवाज आला नाही तर चूक दहा जागी असू शकते.

क्रम फिल्टरपासून घ्या, कारण एचटी स्वच्छ झाल्याशिवाय पुढचं काही ऐकून ठरवता येत नाही. जुना तीन-चार कप्प्यांचा अॅल्युमिनियमचा डबा चासीवर दिसायला छान असतो. तो वर तसाच राहू द्या, त्याच्या वायरी पूर्ण तोडा आणि नवे कपॅसिटर खाली टॅग स्ट्रीपवर बसवा. जुन्या डब्याला समांतर नवा जोडायचा नाही. पट्टीची बाजू ऋण. बसवण्याआधी एकदा, बसवल्यावर एकदा आणि वीज देण्याआधी एकदा पोलॅरिटी पाहा. ४५० व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक उलटा बसला तर फुटतो.

जुन्या टॅगला जाड सोल्डर आणि चासीचा पत्रा जोडलेला असतो. तिथे २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न नुसतं चाटत राहतं. ६० वॉटचं घ्या, टोक स्वच्छ आणि कथील चढवलेलं ठेवा. आधी थोडं नवं ६०/४० सोल्डर लावून जुनं वितळवायचं, मग पंपाने ओढायचं. पाय टॅगभोवती एक वळसा घालून घट्ट करा आणि मग सोल्डर द्या. नीट बसलेला जोड टॅगवर पाण्यासारखा पसरतो आणि कडेला पातळ होत जातो. मण्यासारखा गोल उभा राहिला तर तो ड्राय, म्हणजे कच्चा आहे. जवळपास पॉलिस्टायरीनचा पारदर्शक कपॅसिटर असेल तर त्याच्या पायाला चिमटा लावून उष्णता अडवा, तो लगेच वितळतो.

फिल्म कपॅसिटरला धन-ऋण नसतं, पण त्याच्या बाहेरच्या फॉइलला बाजू असते. ती बाजू आधीच्या प्लेटकडे ठेवली तर घूं कमी उचलली जाते. ओळखायची युक्ती अशी: छोट्या बॅटरीवरच्या अँपच्या इनपुट केबलला कपॅसिटरचे दोन पाय जोडा, अंगाला मुठीत धरा, मग पाय उलटे जोडून परत धरा. ज्या जोडणीत घूं कमी ऐकू येते, त्यात जमिनीला जोडलेला पाय बाहेरच्या फॉइलचा. त्यावर पेनाने खूण करा.

पहिल्यांदा वीज देताना

वायरमनकडे सिरीज बोर्ड असतो, तसा एक घरी करून ठेवा: मेन्सच्या फेज तारेत ६० वॉटचा काचेचा तारवाला बल्ब. एलईडी उपयोगाचा नाही. प्रीअँप त्यातून चालू केला की बल्ब क्षणभर उजळतो आणि मंद होतो. मंद झाला तर पुढे जा. लखलखीत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच प्लग काढा. मग थेट वीज देऊन वहीतल्या यादीतला प्रत्येक आकडा परत मोजा. मीटरचा काळा प्रोब क्लिपने चासीला, लाल एका हातात, दुसरा हात मागे.

घूं येत असेल तर तिचा सूर ओळखा. मऊ, खोल असेल तर ५० हर्ट्झची, म्हणजे हीटरच्या तारा किंवा अर्थचा फेरा (दोन वाटांनी अर्थला जोडलं गेल्याने झालेलं वर्तुळ). कर्कश, थोडी करवतीसारखी असेल तर १०० हर्ट्झची, म्हणजे फिल्टर. आणि मांडवीतल्या होडीच्या इंजिनासारखा फट-फट-फट आवाज आला तर दोन स्टेजमधला डीकपलिंग कपॅसिटर (एका स्टेजचा आवाज एचटीच्या वाटेने दुसऱ्यात जाऊ न देणारा) नीट जोडला गेलेला नाही. हा शेवटचा दोष मी दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा ड्राय सोल्डर निघाला.

ऐकण्यासाठी मी जितेंद्र अभिषेकींची एक जुनी तबकडी वापरतो. गाण्यात मन गुंतायच्या आधी दोन मिनिटं फक्त तानपुरा ऐकतो. खर्जाची तार छेडल्यावर जवारीतून जे सूर उमलत जातात, ते दोन्ही चॅनलवर सारखे उमलतात का? तारेचा नाद पुढच्या छेडीपर्यंत टिकतो का? माझ्या लीक कपॅसिटरच्या दिवसांत उजवीकडची जवारी मध्येच चुरगळत होती. नवा बसवल्यावर ती उलगडली आणि त्या रात्री मी तीन तबकड्या उठून न जाता ऐकल्या. आईही स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहिली. म्हणाली, "आता सूर मोकळा झाला बघ."

नवा फिल्म कपॅसिटर शंभर-दोनशे तास वाजल्यावर खुलतो असं बरेच जण सांगतात. मी मोजून पाहिलं, आकड्यांत काही बदललं नाही. इलेक्ट्रोलिटिकचं मात्र वेगळं. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेला असेल तर पहिल्या काही मिनिटांत त्याची गळती खरोखर कमी होत जाते, म्हणून असा कपॅसिटर सिरीज बोर्डवर अर्धा तास चालवून मगच पूर्ण वीज द्या.

ओलीची काळजी

पावसाळ्यात प्रीअँप बंद पडून राहू देऊ नका. आठवड्यातून दोनदा तासभर चालू ठेवला की हीटरच्या उबेने आतली ओल निघून जाते. आमच्याकडे कपड्यांच्या कपाटात बुरशी येऊ नये म्हणून छोटा बल्ब लावतात. गावाला जायचं असेल तर मी प्रीअँप त्याच कपाटात, त्या बल्बपासून हातभर दूर ठेवतो. टॅग बोर्डवर धूळ आणि फ्लक्स (सोल्डरमधली राळ) राहिला की तो ओल धरतो आणि चांगल्या कपॅसिटरवरही गळतीचा आळ येतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने बोर्ड पुसा, सुकू द्या, मगच मोजा. माझ्याकडे दुसऱ्या एका जागी दिसलेले ०.२ व्होल्ट नुसत्या पुसण्याने गेले.

वहीतले सगळे आकडे एका कागदावर तारखेसह लिहून मी तळाच्या झाकणाला आतून चिकटवले आहेत. चवथीच्या आधी घर झाडताना झाकण उघडतो आणि ग्रिडचे चार व्होल्टेज शेजारच्या रकान्यात लिहितो. यंदा चारही ठिकाणी शून्य आहे.